कुडाळीची मालवणी कशी झाली?

सिंधुदुर्गातलं पिंगुळी गाव कुडाळच्या वेशीला लागून. मालवण तिथून लांब, किनाऱ्यावर. तरी पिंगुळीकराची बोली कुठली म्हणून मुंबईत विचारा, उत्तर येईल 'मालवणी'. अभ्यासकांनी मात्र कुडाळचं नाव धरलं. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) 'कुडाळी' आहे आणि अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातला १९६५ चा ग्रंथही 'कुडाळी'च. बोलीचं नाव बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाराच जास्त ठरवतो, असं मला वाटतं. घरात 'माका', 'तुका', 'खंय', 'आसा' म्हणणाऱ्याला त्या बोलण्यासाठी वेगळं नाव लागत नाही. ते लागतं चाळीतल्या शेजाऱ्याला. ग्रिअर्सनच्याच यादीत दालदी आणि चित्पावनी ही बोलणाऱ्यांच्या जमातींवरून पडलेली नावंही भेटतात. म्हणजे ऐकणाऱ्याला कुठे गाव आधी दिसलं, कुठे जात.

मग मुंबईकराला मालवणच का दिसलं? मालवण ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदर, कुडाळ सावंतवाडी संस्थानात आतल्या अंगाला. चाकरमानी बोटीने मुंबईला जायचा, ओळख बंदराची राहिली. यावर कुणी म्हणेल, बोट तर वेंगुर्ल्यालाही लागायची, मग वेंगुर्लेकरी का नाही? आक्षेप खरा आहे. नुसत्या बोटीने हे कोडं सुटत नाही. मसाल्याने आणि माशाच्या ताटानेही मालवणचं नाव मुंबईत रुजवायला हातभार लावला असावा. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं याच बोलीतलं नाटक 'वस्त्रहरण' आलं, अभिनेते मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, आणि जी बोली लोक गावंढळ म्हणून दबक्या आवाजात बोलत, ती तिकीट काढून ऐकली जाऊ लागली. नाटकाच्या जाहिरातीत 'कुडाळी' कोण छापणार?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ही कोंकणीच, तिला वेगळं नाव हवं कशाला? 'माका' गोव्याच्या 'म्हाका'ला जवळचं, पुण्याच्या 'मला'ला दूरचं, हे कबूल. ग्रिअर्सनने कुडाळीला कोंकणीखाली घातलं, आणि कोंकणीला मराठीखाली. पण १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. ते नाव आता सीमेपलीकडच्या भाषेचं झालं. मराठी शाळेत शिकलेल्या, मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या सिंधुदुर्गाला आपलं बोलणं मराठीच्या घरातच ठेवायचं होतं. त्यासाठी 'मालवणी' सोयीचं पडलं. या सोयीची किंमतही आहे. त्या एका शब्दाखाली मालवणच्या गाबित मच्छीमारांचं बोलणं, कुडाळच्या शेतकऱ्याचं आणि चित्रकथी सांगणाऱ्या पिंगुळीच्या ठाकरांचं, सगळं एकच समजलं जातं.