भूमीखालच्या पाण्याचा वाटा

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे तत्त्व कृतीत उतरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही अस्पृश्यांच्या बाजूने लागला. परंतु तळ्याचे पाणी डोळ्यांस दिसते. जे दिसत नाही, त्या भूजलाच्या हक्काचा इतिहास निराळा आहे. त्याचाच येथे आम्ही संक्षेपाने विचार करीत आहोत.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा अधिकार जमीनमालकास मान्य केला. ज्यास भूमीच नाही, त्यास भूमीखालचे पाणीही नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. वस्तुतः दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. पाऊस एकाच्या माळावर पडतो, दुसऱ्याच्या बांधाखाली मुरतो आणि तिसऱ्याच्या विहिरीतून उपसला जातो. भूगर्भास सातबारा ठाऊक नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सुमारे १६ हेक्टर माळजमीन खंडाने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या पायथ्याशी विहीर खोदली. या प्रयोगातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम लक्षणीय आहेत. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे : दरडोई अर्ध्या एकरास, कुटुंबास अधिकाधिक अडीच एकरांस. उसास पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनासही वाटा आहे.

हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. रोजगार हमीच्या कामांवर राज्यभर बांध घालणारे आणि पाझर तलाव खोदणारे हात भूमिहीनांचे व अल्पभूधारकांचे होते. मुरलेले पाणी मात्र विहीरवाल्यांच्या शेतांत निघाले. श्रम एकाचे व फळ दुसऱ्याचे, ही जुनीच रीत येथे भूमीखालून चालू राहिली.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. अधिसूचित क्षेत्रांत साठ मीटर व त्याहून खोल विहिरींस त्याने मनाई केली. उपशास मर्यादा हवीच, अन्यथा पुनर्भरण व्यर्थ होय. तथापि मर्यादा म्हणजे वाटणी नव्हे. तळ्याच्या काठी जो प्रश्न सुटला, तो विहिरीच्या तळाशी अद्याप शिल्लक आहे.