अंजनगांवच्या तंबूंतील विठ्ठलपंत

परराष्ट्रकारण म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें पुणें, दिल्ली, फार तर पॅरिस उभें राहतें. अमरावती-अकोल्याकडे नजर वळत नाहीं. परंतु १८०३ च्या डिसेंबरांत, तेरा दिवसांच्या अंतरानें, भोसले व शिंदे या दोन बलाढ्य मराठी घराण्यांचे इंग्रजांशीं तह झाले, ते एलिचपुराजवळच्या देवगांवीं आणि पानमळ्यांच्या सुर्जी-अंजनगांवीं.

खरी चूक त्यापूर्वींच झाली होती. २३ नोव्हेंबरास शिंद्यांच्या वकिलानें जनरल वेलस्लीशीं युद्धतहकुबी ठरविली. तींत भोसले नव्हते. जोडीदारांची गांठ येथेंच सुटली. शिवाय अटीप्रमाणें शिंद्यांची फौज दूर जावयाची, तीही गेली नाहीं. २९ तारखेस अडगांवीं त्यांचे स्वार भोसल्यांच्या फौजेशेजारींच उभे दिसले. वकिलांनीं हल्ला न करण्याविषयीं विनविलें; वेलस्लीनें ऐकलें नाहीं. दोघेही हरले.

१५ डिसेंबरास गाविलगड पडला. १७ रोजीं भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनीं तह केला. कटक गेलें, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गाविलगड, नरनाळा व लगतचा चार लाखांचा प्रदेश मात्र त्यांनीं राखला. आम्हांस मुलखापेक्षां दुसरीं कलमें जड वाटतात: इंग्रजांशीं युद्ध चाललेल्या राष्ट्राचा फ्रेंच वा अन्य गोरा मनुष्य चाकरीस ठेवूं नये, आणि निजाम-पेशव्यांशीं तंटा पडल्यास मध्यस्थी कंपनीची. शेजाऱ्याशीं बोलण्याचा हक्कच परक्याच्या हातीं गेला. १८०४ सालीं एल्फिन्स्टन नागपुरीं रेसिडेंट होऊन बसला.

३० डिसेंबरास अंजनगांवीं शिंद्यांच्या बाजूनें वृद्ध विठ्ठलपंत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मनांतलें कांहींच उमटत नसे. ब्रॅग नांवाच्या पत्त्यांच्या खेळांत हा चेहरा कोणास हार जाणार नाहीं, म्हणून इंग्रजांच्या छावणींत त्यांस ‘म्हातारा ब्रॅग’ म्हणत. पुढें युरोपांत माल्कमनें वेलस्लीस, म्हणजे तेव्हांच्या वेलिंग्टनास, फ्रान्सच्या ताय्लेराँविषयीं विचारलें. तो पुष्कळसा आपल्या म्हाताऱ्या ब्रॅगसारखा, पण तितका हुशार नव्हे, असें उत्तर मिळालें! ही हकीकत माल्कमच्या चरित्रांत आहे, आणि वऱ्हाडच्या मुलांस ती शाळेंत सांगावी असें आम्हांस वाटतें.

तरी पंतांच्या हातीं पानें कोणतीं होतीं? दिल्ली, आसई, लासवारी हीं तिन्ही रणें गमावलेलीं. गंगा-यमुनांमधील दुआब, भडोच व अहमदनगर सोडावें लागलें.

वऱ्हाड निजामाच्या पदरीं पडला. १८५३ सालीं कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं तो इंग्रजांकडे आला, आणि १९०२ सालीं दरसाल २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा लिहिला गेला. त्या दोन्ही वेळीं वऱ्हाडच्या रयतेस कोणीं विचारलें नाहीं.