यादीत नसलेलं रसायन

मंडळी, या वीकांताला थोडा द्राक्षांचा इतिहास. वणीची देवी आपल्याला माहीत असते, पण गडाखालचा दिंडोरी तालुका युरोपच्या सुपरमार्केटवाल्यांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे: निर्यातीची द्राक्षं.

2003 मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि बोंबाबोंब झाली. मग अपेडाने अंश तपासणीची योजना आणली आणि 2006 मध्ये 'ग्रेपनेट'. म्हणजे चक्क वेब-बेस्ड ट्रेसेबिलिटी सिस्टिम! प्रत्येक बागेची नोंदणी, प्रयोगशाळेने बागेतून नमुना घ्यायचा, रिपोर्ट सिस्टिमवर चढवायचा, तो पास झाला तरच पुढची सर्टिफिकेटं. त्या काळाच्या मानाने खरंच भारी काम.

तरीही 2010 मध्ये युरोपात माल अडकला. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांचं 'सीसीसी'. हे कीटकनाशक नाहीच, वाढ रोखणारं संजीवक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीचा जोर आवरावा, घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून वापरायचे. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 20 टन द्राक्षांत फक्त 1 ग्रॅम! आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. बरं, एकाच वेळी अनेक रसायनं शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ते सापडतही नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. थोडक्यात, सगळे टेस्ट केस पास आणि प्रॉडक्शन आडवं!

गंमत (?) अशी, की यादीतलं सगळं मोजून झालेलं होतं. फटका मात्र बागायतदार आणि निर्यातदारांना बसला. पुढे 'सह्याद्री फार्म्स' उभी करणारे विलास शिंदेही त्यात होते.

नंतर सीसीसी यादीत आलं. पण यादी कितीही वाढवली तरी ती खाणाऱ्याच्या ताटापुरतीच. तेच रसायन जमिनीत किती मुरलं, विहिरीत किती उतरलं, फवारणाऱ्या मजुराच्या अंगात किती गेलं, हे द्राक्षाचा नमुना सांगत नाही. ते त्याचं कामही नाही.

आता सेबीच्या नियमामुळे 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचे आकडे जाहीर करावे लागतात. चांगलंच आहे, न मोजण्यापेक्षा मोजलेलं बरं. फक्त तुमच्या कंपनीचा तो चकचकीत रिपोर्ट हाती आला, तर आकड्यांच्या आधी एक बघा: काय मोजायचं ही यादी कोणी केली, आणि कोणासाठी?