विद्यार्थ्यांच्या कलाप्रदर्शनाची दृश्य ओळख कशी तयार करतात?

दृश्य ओळख म्हणजे फक्त लोगो नव्हे. प्रदर्शनाचे नाव, अक्षरे, रंग आणि मांडणी यांची एकच ठरलेली पद्धत इन्स्टाग्राम पोस्टपासून चित्राशेजारच्या नावपट्टीपर्यंत दिसते, तेव्हा ती ओळख बनते.

पोस्टरवर कोणाचे चित्र?
विद्यार्थी प्रदर्शनातला हा सर्वांत नाजूक प्रश्न. एकाच विद्यार्थ्याचे चित्र सगळीकडे वापरले, तर प्रदर्शन त्याचेच वाटते आणि बाकीचे झाकोळतात. सोपा मार्ग असा: ओळख ही रिकामी चौकट समजा. अक्षरे आणि चौकटीचा आकार कायम ठेवा. आतले चित्र प्रत्येक पोस्टमध्ये बदला. म्हणजे प्रत्येकाला जागा मिळते.

अक्षरे
कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली, की जाहिरातीतल्या अक्षरांवरूनच नाटकाचा बाज कळावा. प्रदर्शनाचे नावही असे हाताने रेखाटता येते. बाकी मजकुरासाठी ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ हे मोफत फॉन्ट चालतात. देवनागरीत ओळींमधले अंतर थोडे जास्त ठेवा. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

रंग
मुख्य रंग एक-दोनच पुरेत. भिंत आणि नावपट्ट्या शांत ठेवा. भडक रंग शेजारच्या चित्राचा रंग बदलून दाखवतो. स्क्रीनवर मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ असावा, असा वेब सुलभतेचा निकष आहे.

ठिकाण
समजा, प्रदर्शन बावधनमध्ये आहे. पोस्टरवर नुसते ‘बावधन’ लिहून भागत नाही. बगाडयात्रेसाठी प्रसिद्ध असलेले बावधन सातारा जिल्ह्यात, वाईजवळ आहे. म्हणून ‘बावधन, पुणे’ लिहा. २०२३ मध्ये चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल सुरू झाल्यापासून तिथले रस्ते बदलले आहेत, त्यामुळे छोटा नकाशा किंवा क्यूआर कोड द्या.

छापण्यापूर्वी
• ए३ पोस्टर (२९७ × ४२० मिमी) खऱ्या आकारात छापून दहा पावलांवरून वाचा.
• तेच डिझाइन मोबाइलवर लहान करून पाहा. नाव, तारीख, वेळ आणि ठिकाण वाचता आले पाहिजे.
• नावपट्टीवर कलाकाराचे नाव, शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष द्या. नावाचे शुद्धलेखन त्या विद्यार्थ्याकडूनच तपासून घ्या. अनेकांसाठी, आपले नाव भिंतीवर छापलेले दिसण्याची ही पहिलीच वेळ असते.