नवा पूल आणि नवीन पनवेल

पुण्याचे आमचे मामा पहिल्यांदा आमच्याकडे यायला निघाले, तेव्हा मी फोनवर बजावून सांगितलं होतं, "मामा, नवीन पनवेल. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडा." मामा पडले पश्चिमेला. रिक्षावाल्याला म्हणाले, "नवीन पनवेल." त्याने त्यांना खांदा कॉलनीत नेऊन सोडलं. त्याचंही चुकलं नव्हतं. खांदा कॉलनी म्हणजेच नवीन पनवेल पश्चिम! दीड तासाने मामा घामाघूम होऊन दारात उभे राहिले आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधी म्हणाले, "तू नक्की कुठल्या गावचा, ते एकदा कागदावर लिहून दे."

लिहायला बसलो आणि घोटाळा लक्षात आला.

जुनं पनवेल त्यातल्या त्यात सरळ. तिथे १८५२ साली नगरपालिका आली; म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच्या आदल्या वर्षी. पुढे कायद्याने तिला 'नगरपरिषद' म्हटलं, पण लोकांच्या तोंडी 'पालिका'च राहिली.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. त्यासाठी १९७० साली सिडको जन्मली. ठाणे जिल्ह्यातली आणि तेव्हाच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातली मिळून ९५ गावं नव्या शहरासाठी निवडली गेली. त्यातूनच आमचं नवीन पनवेल उभं राहिलं.

आता सिडको म्हणजे पालिका नव्हे. ते कंपनी कायद्याखाली नोंदलेलं महामंडळ. हा फरक शब्दांचा वाटतो, पण नळाला पाणी आलं नाही की तो उमगतो. एकदा मी तक्रार घेऊन एका कचेरीत गेलो. "हे आमच्याकडे येत नाही." दुसरीत गेलो. तिथे पहिलीचा पत्ता मिळाला! पालिकेवरचा राग निदान मतपेटीत टाकता येतो. महामंडळावर रागावलेल्या माणसाने फार तर अर्ज करावा, आणि पोच जपून ठेवावी.

शिवाय आम्ही 'नवी मुंबई'त आहोत आणि नाहीही. सिडकोच्या नकाशातल्या नवी मुंबईत आहोत. १९९२ पासून कारभार करणाऱ्या नवी मुंबई महानगरपालिकेत मात्र नाही. आमची पनवेल महानगरपालिका वेगळी, १ ऑक्टोबर २०१६ ची. म्हणजे राहायला नवी मुंबईत आणि मत द्यायला पनवेलात.

हे सगळं कागदावर उतरवून मामांना दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पण अजून 'नवीन' कशाला? पन्नास वर्षं होत आली की!"

"मामा, तुम्ही रोज शनिवारवाड्याकडून ज्या 'नव्या पुला'वरून शिवाजीनगरला जाता, तो १९२३ चा आहे."

मामा गप्प. संधी साधून मी व्याकरणही शिकवलं. नवा, नवी, नवं हे शब्द पुढच्या नामाप्रमाणे बदलतात: नवा पूल, नवी मुंबई, नवं घर. 'नवीन' मात्र कुणासाठी बदलत नाही: नवीन पूल, नवीन मुंबई, नवीन घर. न बदलणारा शब्द गावाला चिकटला, तर गाव तरी जुनं कसं होणार?

मामांनी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली.

"समजलं," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला तू स्टेशनवर घ्यायला ये."