सामाईक ड्राइव्हवरील आस्थापना दप्तर

नेमणुकीचे आदेश, रजेचे अर्ज, वेतननिश्चिती, ज्येष्ठता याद्या, सेवापुस्तकाची स्कॅन केलेली पाने असे कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद एकाच सर्व्हरवर ठेवून कार्यालयातील अनेक संगणकांवरून हाताळण्याची व्यवस्था. सर्व्हरवरचा एखादा फोल्डर नेटवर्कवर खुला केला जातो आणि प्रत्येक टेबलावरच्या संगणकात तो वेगळ्या ड्राइव्हसारखा दिसतो. विंडोजमध्ये हे काम एसएमबी या प्रोटोकॉलने चालते. लिनक्स सर्व्हरवर त्यासाठी सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते १९९२ च्या सुमारास लिहायला घेतले.

यंत्रणा सोपी आहे, कठीण आहे ती मांडणी. इथे ज्या सातारा-सांगलीतल्या कार्यालयांचा विचार केला आहे, तिकडे दप्तर लावण्याची विद्या मात्र संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. मराठेशाहीत कागद कापडी रुमालात बांधून ठेवत. पुढे महसूल खात्यात आणि जिल्हा परिषदांत अभिलेखांचे वर्ग ठरले : ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष. त्याच्या जोडीला लिपिकाच्या टेबलासाठी सहा गठ्ठे पद्धत आली. चालू प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतली प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद असे ते सहा गठ्ठे. २०१७ मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी सातारा, सांगलीसह विभागाच्या पाचही जिल्ह्यांत ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम राबवली, तेव्हा कपाटांतल्या कागदांचे वर्गीकरण आणि निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद काढून टाकणे, हा तिचा पाया होता.

सामाईक ड्राइव्हवर नेमके हेच सुटते. कपाट भरले की गठ्ठे खाली ठेवावे लागतात, ते डोळ्यांना खुपतात आणि कधीतरी निंदणी होते. डिस्क मात्र भरता भरत नाही, भरलीच तर मोठी घेता येते. त्यामुळे ‘नवीन फोल्डर’, ‘अंतिम’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘साहेबांना दाखवलेली’ अशा नावांच्या फायली वर्षानुवर्षे शेजारी शेजारी पडून राहतात आणि यातली खरी ज्येष्ठता यादी कोणती, हे ती तयार करणारा निवृत्त झाल्यावर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून वर्ग आणि नाशाचे वर्ष फोल्डर उघडतानाच ठरवावे. रजेच्या किरकोळ अर्जांचा फोल्डर आणि सेवापुस्तकाचा फोल्डर एकाच झाडाखाली असले तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते.

मांडणी टेबलाप्रमाणे करावी की विषयाप्रमाणे, हा नेहमीचा वाद आहे. टेबलाप्रमाणे केलेली मांडणी पहिल्या वर्षी फार सोयीची वाटते. पण टेबले बदलतात, शाखा एकत्र होतात, जिल्हेसुद्धा बदलतात. तासगाव, वाळवा, शिराळा हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. कार्यालयाच्या त्या वेळच्या रचनेवर बांधलेली मांडणी अशा प्रत्येक बदलात मोडते. कर्मचारी आणि कामाचा विषय या दोन गोष्टी त्या मानाने टिकाऊ, म्हणून फोल्डर त्यांच्यावर बांधावेत.

कर्मचाऱ्याचा फोल्डर नावाने करू नये. पाटील, जाधव, शिंदे, माने या आडनावांनी भरलेल्या या भागात एकाच कार्यालयात आडनाव, नाव आणि वडिलांचे नावही जुळणारी दोन माणसे निघू शकतात. ‘सेवार्थ’ या शासकीय वेतनप्रणालीतला क्रमांक किंवा संस्थेचा कर्मचारी क्रमांक आधी आणि नाव नंतर, हा क्रम निर्धोक. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली, जसे २०१९-०८-०६, तर फायली आपोआप कालक्रमाने लागतात. मराठी नावांची एक अडचण वेगळी आहे. विंडोजच्या अनेक प्रोग्रॅमना फोल्डरांसह फाईलचा पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त स्वतंत्र मोजले जातात. ‘कर्मचारी’ डोळ्याला चार अक्षरे, यंत्राला आठ चिन्हे. एकात एक सात-आठ फोल्डर केले की फाईल उघडत नाही, हलवताही येत नाही. शिवाय युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला जुना मजकूर शोधात सापडत नाही. तो युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्या फायली असून नसल्यासारख्याच.

सामाईक म्हणजे सर्वांना खुले नव्हे. गोपनीय अहवाल, वैद्यकीय कागद, विभागीय चौकशीची प्रकरणे वेगळ्या फोल्डरात ठेवून त्यांची परवानगी व्यक्तीला नव्हे, तर पदाच्या गटाला द्यावी, म्हणजे बदली झालेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी काढता येतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले आहे, तर गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कर्मचाऱ्याच्या सेवेविषयीचा बराच तपशील वैयक्तिक माहितीत धरला. दोन्ही पाळायचे तर सूची खुली आणि आतला कागद बंद, अशी रचना लागते. सार्वजनिक अभिलेख मनाला येईल तसे पुसण्यालाही महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आड येतो. ‘डिलीट’ हे कळफलकावरचे बटण असले तरी ती नाशाची कार्यवाही आहे आणि तिची नोंद राहिली पाहिजे.

सांगलीत सुरक्षित प्रतीचा प्रश्न पुस्तकी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली राहिला. सांगली नगर वाचनालयाचा मौल्यवान ग्रंथसंग्रह त्यात भिजून गेला. तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच खोलीत बॅकअपची डिस्क, ही सुरक्षित प्रत नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, हा जगभरचा संकेत इथे शब्दशः पाळावा. सांगलीची एक प्रत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी साताऱ्यात राहू शकते. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमच्या हल्ल्याने एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या दोषाचा फायदा घेतला होता, आणि असा प्रोग्रॅम एका संगणकावर शिरला की त्या संगणकाला लिहिण्याची मुभा असलेले सगळे सामाईक फोल्डर कुलूपबंद करतो.

सेवापुस्तकाची मूळ प्रत कर्मचाऱ्याला दरवर्षी दाखवून त्याची सही घ्यायची असते. स्कॅन प्रत त्याच वेळी नवी करावी, नाहीतर ड्राइव्हवर जुन्या वेतनश्रेणीचे पान राहते आणि निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात तेच जोडले जाते. बदलीच्या वेळी मूळ पुस्तक आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र नव्या कार्यालयात जाते, फोल्डर मात्र मागे राहतो. तो पोच घेऊन नव्या कार्यालयाकडे सोपवावा आणि जुन्या ठिकाणी केवळ वाचण्यापुरती प्रत ठेवून तिच्यावर हस्तांतराची तारीख व नाशाचे वर्ष लिहावे.