इंग्रजीतील मोडल सहायक क्रियापदे

मोडल सहायक क्रियापदे हा इंग्रजी भाषेतील सहायक क्रियापदांचा एक लहान गट होय. मुख्य क्रियापदाने सांगितलेल्या क्रियेबाबत बंधन, सल्ला, परवानगी, क्षमता, शक्यता, अनुमान किंवा खेद या क्रियापदांमुळे व्यक्त होतो. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही ९ क्रियापदे या गटाचा गाभा मानली जातात. ऑट टू, नीड आणि डेअर यांचे वर्तन अंशतः मोडल असते. हॅव टू व बी एबल टू या रचना अर्थाने त्यांच्या जवळच्या असल्या तरी काळ व पुरुषानुसार बदलतात. मराठीत हे अर्थ ‘हवे’, ‘पाहिजे’, ‘लागणे’, ‘शकणे’, ‘येणे’ आणि विध्यर्थी रूपांनी व्यक्त होतात. मात्र दोन्ही भाषांतील रूपे एकास एक जुळत नाहीत. हा फरक नकारार्थी आणि भूतकालीन वाक्यांत विशेष जाणवतो.

रचना

मोडल क्रियापदाला तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘एस’ प्रत्यय लागत नाही. त्याच्यापुढे मुख्य क्रियापदाचे मूळ रूप येते. म्हणून ‘ही मस्ट गो’ हे शुद्ध, तर ‘ही मस्ट टू गो’ हे अशुद्ध ठरते. प्रमाण इंग्रजीत दोन मोडल क्रियापदे सलग येत नाहीत. त्यामुळे भविष्यकालीन क्षमता सांगताना ‘विल कॅन’ऐवजी ‘विल बी एबल टू’ वापरतात. ‘मला जायला हवे’ या मराठी वाक्यात कर्त्याला ‘ला’ प्रत्यय लागतो. इंग्रजीत मात्र ‘आय मस्ट गो’ असा कर्ता प्रथमेतच राहतो.

इतिहास

कॅन, मे आणि शॅल ही प्राचीन इंग्रजीतील अशा क्रियापदांपासून आली आहेत, ज्यांची मुळातील भूतकालीन रूपे वर्तमानकाळी अर्थाने रूढ झाली होती. तृतीय पुरुषी प्रत्ययाचा अभाव हा त्याचाच अवशेष होय. मस्ट हेही मूळचे भूतकालीन रूप असल्याने त्याला आज स्वतंत्र भूतकाळ नाही.

बंधन

मस्ट बहुधा बोलणाऱ्याने घातलेले किंवा त्याला स्वतःला पटलेले बंधन दर्शवते, तर हॅव टू नियम अथवा परिस्थितीमुळे आलेले बंधन दर्शवते. शुड व ऑट टू यांतून सल्ला किंवा अपेक्षा व्यक्त होते. होकारार्थी वाक्यांत मस्ट आणि हॅव टू यांचे अर्थ जवळचे असले, तरी नकारात ते पूर्णपणे वेगळे होतात. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट’ म्हणजे ही गोळी घेऊ नका. ही मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस टॅब्लेट’ म्हणजे ही गोळी घेण्याची गरज नाही. घेण्यास मनाई मात्र नाही.

भूतकालीन बंधनासाठी ‘हॅड टू’ वापरतात. ‘शी हॅड टू गो’ म्हणजे तिला जावे लागले. ‘शी मस्ट हॅव गॉन’ हे बंधन नसून अनुमान आहे: ती गेली असणार.

क्षमता

मराठीत शिकून अवगत केलेले कौशल्य ‘मला पोहता येते’ असे सांगतात आणि त्या वेळची शक्यता ‘मी आज येऊ शकतो’ अशी सांगतात. इंग्रजीत दोन्हींसाठी कॅन चालते. भूतकाळातील सर्वसाधारण क्षमतेसाठी कुड येते. परंतु एखाद्या प्रसंगी प्रत्यक्ष साध्य झालेल्या कृतीसाठी होकारार्थी वाक्यात ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ वापरतात. नकारात हा भेद राहत नाही. तेथे ‘कुडन्ट’ दोन्ही अर्थांनी चालते.

खेद

मोडल क्रियापद, हॅव आणि मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप या रचनेतून घडून गेलेल्या गोष्टीबद्दलचा खेद किंवा दोषारोप व्यक्त होतो.

• ‘आय शुड हॅव स्टडीड’: मी अभ्यास करायला हवा होता, पण केला नाही.
• ‘आय शुडन्ट हॅव सेड दॅट’: मी तसे बोलायला नको होते, पण बोललो.
• ‘यू कुड हॅव टोल्ड मी’: तुला मला सांगता आले असते; पण सांगितले नाहीस.
• ‘यू नीडन्ट हॅव कम’: तू आलास, पण येण्याची गरज नव्हती.

‘डिडन्ट नीड टू कम’ या रचनेतून गरज नव्हती एवढेच कळते. व्यक्ती आली की नाही, हे संदर्भावरून ठरते. बोलताना ‘शुड हॅव’चा संक्षेप ‘शुड ऑफ’सारखा ऐकू येतो. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असणारेही लेखनात ही चूक करतात.

कायदा व तंत्रज्ञान

कायद्याच्या इंग्रजीत शॅल परंपरेने बंधन दर्शवते, तर मे स्वेच्छाधिकार दर्शवते. तथापि केवळ शब्दावरून अर्थ ठरत नाही. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या १९५७ च्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० (३) (ग) मधील शॅल हा अनिवार्य नसून निर्देशात्मक असल्याचा निर्णय दिला. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी १९९७ मधील ‘आरएफसी २११९’ या दस्तऐवजाने अशा शब्दांचे अर्थ निश्चित केले: मस्ट म्हणजे अनिवार्य, शुड म्हणजे सबळ कारणाशिवाय टाळू नये असे आणि मे म्हणजे ऐच्छिक.